मांजराच्या वासाची नवरी

मागाचा जुना दोर या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणलेला, आणि त्यावर ओळीने वाळत घातलेली पाच लुगडी — प्रत्येक दीड हात लांब, वीतभर रुंद. खाली, वैशाखाने भाजून काढलेल्या अंगणात, शेपट्या पायांभोवती गुंडाळून बसलेली गल्लीतली तीन मांजरं. लुगड्यांच्या आत कुणी नातलग लपलं असावं, अशी ती वर टक लावून पाहत होती. आणि त्या मांजरांच्या पलीकडे, कमरेवर हात ठेवून, नऊ वर्षांची मी... नवरीची आई, वधूपक्षाची कर्तीधर्ती, आणि त्या दुपारी अख्ख्या आंधळगावातली सगळ्यात हरलेली बाई.

हसा. मीही हसते. ही गोष्ट मी लग्नघरी, हळदीकुंकवात, बसथांब्यावर इतक्यांदा सांगितली आहे की कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे डोळे मोठे करायचे, हे मला पाठ झालं आहे. फक्त ती मी नेहमी इथेच संपवते. मांजरं वर बघतात, बायका पदर तोंडाला लावतात, मी चहा मागते. आज पुढची सांगते.

आमचं घर विणकराचं. दारातून आत पाऊल टाकलं की आधी तांदळाच्या खळीचा आंबूस वास यायचा, मग ओल्या सुताचा, मग मागाच्या खड्ड्यातल्या गार मातीचा. आणि चैत्रात या सगळ्यांवर मोहफुलांचा गोड, जड वास येऊन बसायचा, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा. दोन माग होते. एकावर माझे बाबा, दुसऱ्यावर त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठे बाबा. मोठे बाबा करवती काठाची कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी विणायचे — काठावर करवतीचे दात असावेत तशी नक्षी, एकासारखा एक दात, मोजून घ्यावा असा. धोटा इकडून तिकडे जायचा तेव्हा ते स्वतःशी काहीतरी पुटपुटत असायचे. मला वाटे ते देवाचं नाव घेतात. ते दात मोजत होते.

आता विणकराच्या घरातली एक गंमत सांगते. तिथे सगळं असतं, फक्त त्याने विणलेलं कापड नसतं. विणून झालं की घडी पडते, व्यापारी येतो, घडी जाते. मोठे बाबा जन्मभर विणत राहिले, पण त्यांच्या हातचं लुगडं मोठ्या मायच्या, म्हणजे त्यांच्याच बायकोच्या, अंगावर मी कधी पाहिलं नाही. उरायचं ते फक्त ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांच्या, शेवटी — लुगडं पुरं झाल्यावर मागावर थोडासा ताणा शिल्लक राहतो, त्यावर मोठे बाबा दीड हात जास्तीचं विणायचे, काठाकडची वीतभर पट्टी कापायचे आणि आपल्या लेकीला, शकुनताईला द्यायचे. झालं बाहुलीचं लुगडं! अशी पाच जमली होती. एक कुंकवासारखं, एक पोपटी, एक जांभळं, एक हळदीचं, आणि एक मिरचीच्या चटणीच्या रंगाचं, ज्याच्यासाठी मी आणि शकुनताई भांडायचो. ती माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठी होती, तरी भांडायची. अशी होती.

तिचं लग्न सानगडीला झालं, शेतकऱ्याच्या घरी. जाताना तिने दोन जिवांची सोय लावली. बाहुलीच्या कपड्यांची पत्र्याची पेटी मला दिली, आणि चिंगी मोठ्या मायच्या हवाली केली. चिंगी म्हणजे तिची मांजर, काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची, एक कान फाटलेली. सासरी मांजर चालणार नव्हती. त्या पावसाळ्यात मी पेटीचं झाकण उघडं टाकलं — मीच, दुसरं कोण — आणि चिंगीने त्या पाच लुगड्यांच्या गादीवर तीन पिल्लं घातली. पिल्लं मोठी झाली, उड्या मारत गेली. वास मागे राहिला.

थंडीत मोठे बाबा गेले. तेराव्याच्या दिवशी शकुनताई पेटीजवळ आली, झाकणावर हात ठेवला, पण उघडली नाही. म्हणाली, “मंदे, बाबाच्या हातचं घरात एवढंच उरलं. सांभाळजो वं. अक्षय्य तृतीयेले येईन तवा तुह्या बाहुलीले नेसवून दाखवजो.”

मी मान डोलावली. पेटीतून कोणता वास येईल, हे मला एकटीला ठाऊक होतं.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. नवरदेव शेजारच्या सुमीचा होता. बोलणी झाली, मानपान ठरला, आणि नवरीला पाहायला आलेली सुमी नाकाला बोटं लावून दोन पावलं मागे सरकली. “माह्या पोराले मांजरीन नाही पायजे,” ती शांतपणे म्हणाली. “तुही पोरगी उंदीर खाते काय वं?”

मग माझे उपाय सुरू झाले. आधी ऊन दाखवलं. वास वाळला आणि जास्तच कडक झाला. रिठ्याच्या फेसात बुडवली. कडुनिंबाच्या पाल्यात दाबून ठेवली. धानाच्या कोंड्यात पुरली, उदाचा धूर दिला, वर मोहफुलं पसरली — आणि त्यातून निघालेला वास असा होता, जणू एखाद्या मांजराने दारू पिऊन देवळात जाऊन निजावं. एवढं करूनही लुगडी उन्हात कोरडी असली की शहाण्यासारखी वागायची; पण हाताचा घाम लागला, ओल लागली, की चिंगी त्यांतून अंग ताणत उठायची. शकुनताई यायला आठ दिवस राहिले होते.

आणि मग मला ती युक्ती सुचली, जी फक्त विणकराच्याच पोरीला सुचू शकते.

कोसा कच्चा असतो तेव्हा त्याला भयंकर घाण वास येतो. आत मेलेला किडा असतो. मोठी माय ते कोसे गंजात — म्हणजे आमच्याकडच्या पातेल्यात — राख आणि सोडा घालून रटारटा उकळायची. घाण पाण्यात उतरायची, आणि मऊ, स्वच्छ, कसलाही वास नसलेला धागा हाताला लागायचा. मी हे शंभरदा पाहिलं होतं. लुगडी कशाची? कोशाची. वास कशाने जातो? उकळल्याने. मी आणि सुमीने तोच गंज काढला, तीच चूल पेटवली, मुठीने राख टाकली, मुठीने सोडा टाकला.

पहिल्या उकळीला पाणी लाल झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटलं वास बाहेर येऊन राहिला. मग ते जांभळं झालं, मग गढूळ. वाफ सगळ्या गल्लीत पसरली आणि तिच्या मागावर ती तीन मांजरं आली. काडीने वर काढली तेव्हा पाचही लुगडी एकाच रंगाची होती — रंग लागण्याआधीच्या कोशाची. कुंकू नव्हतं, हळद नव्हती, चटणी नव्हती. कडेचे धागे सुटून लोंबत होते. मी त्यातलं एक नाकाला लावलं.

वास होता.

म्हणून त्या दुपारी मी तशी उभी होते. मांजरं पाहत होती, आणि मी मोठ्या मायच्या पावलांची वाट पाहत होते. सुमी कधीच पळाली होती.

मोठी माय आली. दोराजवळ उभी राहिली. एक लुगडं उचललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, जणू रंग दुसऱ्या बाजूला गेला असेल. आणि मी — माझ्यातली नटी त्या क्षणी जन्माला आली — हंबरडा फोडला. चिंगीनं केलं, म्हणाले. पेटीत शिरली होती, पाचही लुगड्यांवर घाण केली, त्यानं रंग खाल्ला, मी फक्त धुवायला घेतली. हुंदके योग्य जागी घेतले, नाक पुसलं, चिंगी पेटीत कशी बसली होती ते बसूनही दाखवलं. चूल मी आधीच विझवली होती.

विणकरांना कशाने रंग जातो ते माहीत असतं. मांजराच्या मुताने जातो, हे त्यांना पटलं. मोठी माय ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, “त्याईच्या हातचं होतं ते.” मग, मागावरून उठून आलेल्या बाबांकडे न बघता, “भाऊजी, इले दूर सोडून या. माह्या डोळ्यासमोर नको.”

वैनगंगा ओलांडली की मांजराला परतीची वाट सापडत नाही, असं आमच्याकडे मानत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चिंगीला सुताच्या पोत्यात घातलं. ती भांडली नाही. त्या पोत्यावर ती रोज झोपायची, तिला ते घरच वाटलं असावं. बाबा बसने लाखनीपर्यंत गेले, मोठ्या सडकेजवळ, जिथे चहाच्या टपऱ्यांमागे ट्रक उभे राहतात. संध्याकाळी परत आले, पोतं उलटं करून झटकलं, घडी घालून जागेवर ठेवलं आणि न जेवता मागावर जाऊन बसले.

मी तेव्हाही सांगू शकले असते. बाबा पोतं झटकत होते तेव्हा मी खांबाला टेकून उभी होते... पोत्यातून काळे-पिवळे केस उडाले, उन्हाच्या तिरिपेत थोडा वेळ तरंगले.

शकुनताई आली ती दारातूनच “चिंगे” अशी हाक मारत. मग सगळं तिला सांगितलं गेलं, माझ्याच गोष्टीच्या शब्दांत. तिने लुगडी मांडीवर घेतली. डोळे मिटून काठावरून नख फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रंग गेला होता तरी काठाचं सूत जाड होतं. नखाखाली दात लागत होते.

“दात हायेत अजून,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, “मंदे, तू पाह्यलं होतं चिंगीले पेटीत?”

हा प्रश्न मी पुढे आयुष्यभर ऐकत आले. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. ती मला फक्त विचारत होती.

“हो,” मी म्हणाले. “माह्या डोळ्यानं.”

तिने लुगडी एकावर एक रचली, कडा जुळवल्या. “मी असती तं झाकण लावलं असतं,” शेवटी एवढंच म्हणाली.

लग्न लागलं. नवरी चुरमुऱ्याच्या पुडीचा रंगीत कागद नेसून उभी राहिली, सुमी गंजाबद्दल अवाक्षर न काढता जेवणावर रुसली, सगळं रीतसर झालं. निघताना शकुनताईने लुगडी मलाच दिली. सासरी हा वास कुणी सहन करणार नव्हतं. पुढे ती माहेरी येता-जाता लाखनीला बस थांबली की खाली उतरायची, टपऱ्यांच्या मागे डोकावून यायची. कंडक्टर ओळखायला लागला होता, तो घंटी उशिरा द्यायचा. ती हे आम्हाला हसत सांगायची. किती वर्षं... मांजर इतकं जगत नाही, हे तिलाही कळत असणार.

आता माग दोन्ही गेले. खड्डे बुजवून वर फरशी घातली आहे. मोठी माय नाही, बाबा नाहीत. मी भंडाऱ्यात राहते आणि ती पाच लुगडी माझ्या कपाटात आहेत. व्हिनेगर झालं, खायचा सोडा झाला, लिंबू झालं. भाच्याने फोनवरून मागवलेली बाटलीही झाली, जिच्यावर एक मांजर अतिशय समाधानाने हसत होतं. मे महिन्यात वाटतं, गेला वास. श्रावण आला की उठतो.

गेल्या पावसाळ्यात शकुनताईच्या डोळ्याचं ऑपरेशन भंडाऱ्यात ठरलं; राहायला ती भाच्याकडे उतरणार होती. तिला सानगडीहून आणायला भाच्याच्या गाडीतून मी गेले. या खेपेला सांगायचंच, असं ठरवून लुगडी रुमालात बांधून पर्समध्ये घेतली होती. लाखनीला आता उड्डाणपूल झाला आहे. गाडी वरूनच जाते, खालची टपरी दिसत नाही, बाजार दिसत नाही. तरी ताईने काचेला कपाळ टेकलं आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांनी खाली पाहत राहिली.

बाहेर झड लागली होती, काचा बंद होत्या. मी पर्सची चेन उघडली.

ताईने मान वळवली. नाक किंचित वर केलं. तिचा चेहरा असा उजळला, की तसा तो मी लहानपणानंतर पाहिला नव्हता.

“मंदे,” ती म्हणाली, “मांजर पाळली काय वं तू?”

माझ्या ओठांवर खरं होतं. शपथ. पण माझी जीभ माझ्याआधी पळते, नऊ वर्षांची होते तेव्हापासून.

“हो,” मी म्हणाले. “हाये एक.”

मग रंग कसा, खाते काय, झोपते कुठे... तिने विचारलं आणि मी सांगत गेले. वैनगंगेचा पूल येईपर्यंत मी एक अख्खी मांजर उभी केली — दुधावरची साय चोरणारी, देवघरात शिंकणारी, माझ्या चष्म्यावर बसणारी. ताई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मी चेन हळूच लावून टाकली.

“सोडू नको तिले कुठी,” पुलावर गाडी आली तेव्हा ती म्हणाली.

आता दर रविवारी तिचा फोन येतो. डोळ्याचं सांगते, धानाचं सांगते, आणि शेवटी विचारते, मांजर कशी हाये. मी कपाटापाशी उभी असते.

“बरी हाये,” मी म्हणते. “आत्ताच झोपली.”