आक्कांचं मुसकं

"मुसकं बांधलंस का गं?"

मी गोठ्याचं दार उघडलं रे उघडलं की ओट्यावरून आक्कांची हाक यायची. मुसकं म्हणजे मळणीच्या वेळी बैलाने पेंढ्यात तोंड घालू नये म्हणून त्याला बांधतात ती जाळी. माझ्या धुळीच्या मास्कला, मी तो पहिल्यांदा लावला त्याच दिवशी, आक्कांनी हे नाव ठेवलं. बँकेत माझ्याशी मॅनेजरसुद्धा जपून बोलायचे हो! पिरंगुटला आले आणि बैल झाले.

निवृत्तीनंतर मला लाकडी खेळणी करायचा नाद लागला. सूसच्या आमच्या सोसायटीत करवतीचा आवाज कुणाला सहन होईना, म्हणून पिरंगुटला आक्कांच्या घराशेजारचा त्यांचा रिकामा गोठा भाड्याने घेतला. वर्षभर मजेत गेलं. मग खोकला सुरू झाला, छातीत शिट्टी वाजू लागली. डॉक्टर म्हणाले, "लाकडाची बारीक धूळ आत जातेय. मास्क लावा, तीन महिने नीट जपा. फरक पडला नाही तर हे काम बंद." परत येताना मी रिक्षात चक्क रडले. सकाळी उठावंसं वाटायला दुसरं काही राहिलंच नव्हतं मला.

ओट्यावर बसून आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रडू नगं. धूळ काय तुज्या एकटीच्याच घरात येती व्हय?"

धूळ घालवायची म्हणून मी मोठा पंखा आणला आणि पाठीमागे लावला. लाकूड घासून गुळगुळीत करणारा सँडर सुरू केला. धूळ दारातून झकास बाहेर गेली आणि अंगणात वाळत घातलेल्या आक्कांच्या कुरडयांवर जाऊन बसली. सगळी बाजच्या बाज सागवानी! आक्कांनी माझा जो उद्धार केला तो लिहिण्यासारखा नाही. पण तोंडाचा पट्टा चालू असतानाच त्यांनी मूठभर भुसकट दारात उधळून पाहिलं आणि माझं टेबल धरून फरफटत आडवं लावलं.

"वारं तोंडावर न्हाई, पाठीवर न्हाई, कुशीला घ्यावं. भात उफनताना आमी तसंच हुबं ऱ्हातो."

कुरडया मात्र मी पुन्हा करून दिल्या. गव्हाचा चीक त्यांनी तीनदा नापास केला.

झाडूवर त्यांचा राग. "केरसुनी धूळ उडवती, पोतेरं धूळ धरतं," असं म्हणून त्यांनी गोठ्यातली केरसुणी जप्त केली. मी सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडली, तेव्हा "सोंडवाला आला," म्हणून हसल्या, पण दुसऱ्या दिवशी तो चालू आहे का ते बघून गेल्या. कामाचे कपडे गोठ्यातच सोडायचे, हातपाय धुतल्याशिवाय ओट्यावर पाऊल टाकायचं नाही. वर गुळाचा खडा. गुळाने छातीतली धूळ जाते यावर त्यांची अढळ श्रद्धा. गुळाचा छातीशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी मला हसून सांगितलं होतं. हे आक्कांना सांगायची माझी काय बिशाद! मुकाट्याने खाल्ला.

एकदा मात्र आमची जुंपली. एकच फळी कापायची होती, म्हणून मी मास्क न लावता करवत सुरू केली. खटकन वीज गेली. गोठ्याची वीज आक्कांच्या मीटरवरून यायची. त्यांनी मेन स्विचच पाडला होता. मी तणतणत ओट्यावर गेले.

"आक्का, भाडं भरते मी! लहान मूल आहे का?"

"एकच फळी, एकच फळी! आमचं मालकबी असंच म्हनायचं." आक्का ओरडल्या आणि एकदम बसल्या. त्यांचे यजमान पौडकडच्या एका लाकडाच्या वखारीत कामाला होते, एवढंच मला माहीत होतं. "लई खोकायचं. समदी म्हनायची, लाकडात काम करनाऱ्याला खोकला असायचाच. मीबी तेच म्हनले. पोरी, मीबी तेच म्हनले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी मास्क बांधला, त्यांना दाखवला, तेव्हा कुठे दिवा लागला.

आक्का जाऊन आता वर्ष होईल. इतक्या शिव्या देऊन माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कुणी केली नाही. त्यांची आठवण आली की मला दिसते ती तीन महिन्यांनंतरची दुपार.

डॉक्टरांनी यंत्रात फुंकायला लावलं, आकडे पाहिले आणि म्हणाले, "छान. असंच जपत काम चालू ठेवा." मी तशीच बस पकडून आक्कांकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आक्का, डॉक्टरांचं मशीन म्हणतंय, छाती सुधारली. काम सोडायचं नाही!"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मशिनीचं ऱ्हाऊ दे. वळ तिकडं."

मी पाठमोरी बसले. आक्कांनी माझ्या पाठीला कान लावला. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"मालकांची पाठ शेवटाला नुसती वाजायची," त्या पुटपुटल्या. "तुजी वाजत न्हाई गं. कायबी वाजत न्हाई."

माझा ब्लाउज ओला होत होता. मी वळले नाही. त्यांना नीट ऐकू जावा म्हणून मोठमोठा श्वास घेत राहिले.