मागच्या बाकावर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही. आईला सांगायचं होतं — निदान मी स्वतःची तशी समजूत घातली होती — पण ती गेली, आणि खरं बोलायचं तर त्या दिवशी दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आईच्या मरणावर सुटका! बघा, कसा माणूस तुमच्याशी बोलतोय. तुम्हालाच काऊन सांगतोय म्हणाल, तर तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, एवढंच कारण असेल.

थांबा, आधी भोंग्याचं सांगू द्या. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

राजुऱ्याकडच्या एका कोळसा खाणीच्या कॉलनीत मी वाढलो. बाबा खाणीत उतरायचे. पाळी बदलली की भोंगा व्हायचा आणि त्यावर सगळी कॉलनी चालायची — चहा, अंघोळी, आमची शाळा, सगळं. दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसायची आणि आई रोज त्या कोळशाला शिव्या घालायची, ज्याच्यावर आमचं पोट होतं. नाल्यापलीकडे जंगल. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलांचा वास थेट क्वार्टरात शिरायचा. पुढे मी चांगली चांगली शहरं पाहिली, पण तो वास आठवला की अजून जीव कासावीस होतो.

भोंगा भलत्याच वेळी वाजला, तर मात्र बायका हातातलं काम टाकून खाणीच्या फाटकाकडं निघायच्या. आई तर बाबा घरी घोरत पडलेले असले तरी जायची. एकदा मी विचारलं, बाबा तर इथंच आहेत, मग तू कशाला जातेस? ती चपला शोधता शोधता म्हणाली,

"आपला मानूस घरी हाय म्हणूनच तं जा लागते. जिचा आत हाय, तिच्याजवळ कोणी उभं नको का?"

बहुतेक वेळा काही झालेलंच नसायचं. कोळसा वाहणारा एखादा पट्टा तुटलेला असायचा, नाहीतर गवत पेटलेलं. मग बायका एकमेकींच्या करपलेल्या भाजीवरून चिडवत, हसत परत यायच्या. फाटकावर कुणी भाषण करायचं नाही, घोषणा नाही, काही नाही. नुसतं उभं राहायचं. पण त्या उभ्या असल्या की मॅनेजरला बाहेर येऊन बोलावंच लागायचं. आत काय झालं ते सांगावंच लागायचं.

पुढे मी परराष्ट्र खात्यात लागलो. मानवी हक्कांवर भरपूर भाषणं ठोकली मी, आणि दर भाषणात हे फाटक आणलं. लोकांचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे, खोटं कशाला बोलू?

आता मुद्द्यावर येतो. यावंच लागेल.

एका देशात आमच्या वकिलातीत माझी नेमणूक होती. देशाचं नाव सांगत नाही. तिथं एका खेड्यातल्या शाळामास्तरावर खटला चालू होता. तरणाताठा पोरगा. गावातून उचलून नेलेल्या आणि परत न आलेल्या पोरांची नावं त्यानं भर बाजारात मोठ्यानं वाचली, हा त्याचा गुन्हा. कोठडीत त्याला मारहाण झाली होती. चार-पाच देशांच्या वकिलातींनी आपसांत ठरवलं की प्रत्येक तारखेला आपल्यापैकी एकानं कोर्टात जाऊन बसायचं. बोलायचं नाही, कागद द्यायचा नाही, नुसतं मागच्या बाकावर बसायचं. बाहेरचं कुणी बसलेलं असलं की न्यायाधीशाला ऐकून घ्यावं लागतं आणि कारकुनाला लिहून घ्यावं लागतं. आपल्या दिल्लीला असल्या गोष्टी फारशा रुचत नाहीत; आमच्या साहेबांनी खटपट करून तेवढी परवानगी मिळवली होती. आणि मला म्हणाले, तुम्हीच जा, तुमच्या त्या फाटकासारखंच आहे हे.

मास्तर ज्या तारखेला आपल्याला झालेली मारहाण कोर्टाला सांगणार होता, ती तारीख आमच्या वाट्याला आली. त्याच्या आईला आत सोडत नव्हते. ती वकिलातीत आली आणि मला एवढंच म्हणाली — त्याला बाहेरचा एक चेहरा दिसू दे, म्हणजे त्याचं तोंड उघडेल. मी शब्द दिला. छातीवर हात ठेवून दिला.

आई तेव्हा माझ्याकडे आली होती. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, पिशवीत लाखोळीची डाळ आणि मोहाचे लाडू घेऊन. सकाळी मी निघालो तेव्हा तिनं विचारलं, कुठी चालला? मी सांगितलं. तिनं माझी कॉलर नीट केली.

कोर्टाच्या दाराशी पोलीस येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढत होते. बस, एवढंच. मला कुणी अडवलं नाही, धमकावलं नाही. दुसऱ्या एका वकिलातीच्या माणसाला नुकतंच त्यांनी देशाबाहेर काढलं होतं, आणि माझी पुढची बदली फार चांगल्या ठिकाणी व्हायची होती. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. थोडा वेळ. मग वळलो, घरी आलो आणि आईला म्हणालो, तारीख पुढं ढकलली, चल, तुला समुद्र दाखवतो.

आता तुम्हाला कसं सांगू — तो माझ्या आयुष्यातला फार सुंदर दिवस होता. आईनं लुगडं जरा वर खोचलं आणि लाट आली की लहान पोरीसारखी मागे पळायची. "बापा बापा, केवढं पानी हे!" पाण्याची चव घेऊन तिनं तोंड वाकडं केलं, आणि लगेच पुन्हा घेतली. भाजलेली कणसं खाल्ली आम्ही. बाबा असते तर, असं ती दोनदा म्हणाली. मला आई आठवते ती अशीच, त्या उन्हात, ओल्या लुगड्यात. दुसरी आठवतच नाही. आणि त्याच वेळी मास्तरानं कोर्टात शर्ट वर करून पाठ दाखवली होती.

वकिलातींची बैठक झाली तेव्हा मला विचारलं गेलं. गेलोच नाही, असं म्हणता आलं असतं ना? शरम वाटली असती, साहेब रागावले असते, संपलं असतं. मी म्हणालो, गेलो होतो, सुनावणी शांततेत झाली.

मग मास्तराचा वकील धावत आला. कोर्टात त्याचं तोंड न्यायाधीशाकडं, मागं कोण बसलंय ते त्यानं पाहिलं नव्हतं. मास्तरानं पाठ दाखवली, पण न्यायाधीशानं ते लिहूनच घेतलं नाही, असं म्हणाला. तुम्ही होतात ना तिथं? तुम्ही पाहिलंत ना? मी म्हणालो — हे वाक्य मला झोपेतसुद्धा पाठ आहे —

"मी मागच्या बाकावर होतो. नीट दिसलं नाही."

कळतंय का मी काय केलं ते? बाक नुसता रिकामा राहिला असता, तर बाकीच्या वकिलातींनी त्यावरून तरी आवाज उठवला असता. मी तो बाक भरला, आणि त्यावर काहीच न पाहिलेला माणूस बसवला. मग सगळे म्हणाले, आपला माणूस हजर होता, त्याला काही दिसलं नाही, तर आपण काय बोलायचं? कुणी बोललं नाही. मास्तराला जन्मठेप झाली.

त्यानंतर एका दुपारी त्याची आई माझ्या घरी आली. तुरुंगात त्याला भेटून थेट आली होती, हातात अंजिरांचा पुडा. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या, एकीची भाषा दुसरीला येत नाही, मध्ये मी. माझ्या आईनं तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. मग ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली,

"मी विचारलं त्याला, तो आला होता का? म्हणाला, हो आई, मागच्या बाकावर होता. दिसला मला."

आईनं विचारलं, काय म्हणते रे? मी म्हणालो, म्हणते, तुझ्या हातचा चहा चांगला झाला. आई खूश झाली आणि तिनं बाईच्या कपात आणखी चहा ओतला.

मास्तर असं का म्हणाला, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आपल्याजवळ कुणीच नव्हतं, हे आईला कळू नये म्हणून. आणि मी काय केलं? ते वाक्य खिशात टाकलं. पुढे वकिलातीत कुणाच्या डोळ्यात शंका दिसली की मी सांगायचो, खुद्द मास्तरानं मला पाहिलंय.

आई कॉलनीत परत गेली ती गावभर सांगत — माहा पोरगा तिकडं दुसऱ्याच्या पोरासाठी कोर्टात जाऊन बसला. कारण नंतर तिनं विचारलं होतं, पुढच्या तारखेले गेला का मंग? आणि मी गेलो म्हणालो होतो. कॉलनीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला तो त्याच गोष्टीवर. आई पहिल्या रांगेत बसली होती, पांढऱ्या लुगड्यात. तो फोटो घरात लावलाय.

मास्तर अजून तुरुंगात आहे. त्याची आई आता नाही, हे मला जुन्या सहकाऱ्याकडून कळलं.

निवृत्त होऊन मी इथंच, कॉलनीच्या शेजारी घर बांधलं. परवा भोंगा भलत्या वेळी वाजला. आता फाटकावर कुणी जात नाही, मोबाईलवर विचारतात. मी मात्र चपला घातल्या आणि गेलो. फाटकाशी मी एकटाच. चौकीदार नवीन होता, आदबीनं जवळ आला.

"तुमचं कोणी आत हाय का, बाबूजी?"

मी नाही म्हणालो आणि घरी आलो.