पळीतलं तेल

आमच्या घरात अडतीस वर्षं गोळाभात शिजला नाही. वऱ्हाडात कुणाला हे सांगितलं तर लोक विचारतात, "काहून बाप्पा, काही पाळता काय?" पाळत काही नव्हतो. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा घरचा, तांदूळ घरात, तिखट मायच्या हातचं. पण माझे बाबा गेले त्या दुपारी त्यांच्या ताटात गोळाभात होता, आणि त्यानंतर मायनं तो केला नाही.

त्याआधी दर रविवारी असायचा. आम्ही वलगावचे. बाबा सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, वांगी लावायचे आणि माल अमरावतीच्या बाजारात न्यायचे. रविवारी माय भरड्यात तिखट, मीठ, हळद कालवून मुठीनं गोळे वळायची आणि भातावर वाफवायची. आम्ही ताटावर बसलो की लोखंडी पळीत तेल कडकडीत तापवून मोहरी, हिंग आणि लाल मिरच्या टाकायची. असा ठसका उठायचा की शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून शिव्या घालायची. बाबा गोळा भातात कुस्करायचे आणि अंगठ्यानं मधोमध आळं करायचे, मिरचीच्या रोपाला करतात तसं, तेल ताटभर पसरू नये म्हणून. मी आणि माझा धाकटा भाऊ त्यांचं पाहून आपापल्या भाताला आळी करायचो. मग बाबा मायला म्हणायचे, "हं, सोड पाट." म्हणजे पाटाचं पाणी सोडतात तसं वाढ तेल. माय हसायची आणि सैल हातानं वाढायची. ती फोडणी अजून माझ्या नाकात आहे. अकोल्यात कुणाच्या घरून तसा वास आला की मी गल्लीत उभी राहते.

मी चौदा वर्षांची होते. त्या रविवारी बाबा जेवले, थोडे पडले, मग दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधायला शेतात गेले आणि तिथेच, बसल्या जागी गेले. वय त्रेचाळीस. साधं डोकं दुखतं म्हणून कधी निजलेले नव्हते. तेरवीच्या दिवशी माझी आत्या, त्यांची सख्खी मोठी बहीण, भरल्या घरात मायकडे बोट करून म्हणाली, "हिनं तेल पाजू पाजू मारला माह्या भावाले." तिला कुणी गप्प केलं नाही. मला त्याचा आजही राग येतो, आत्याचा येतो आणि तिथे माना खाली घालून बसलेल्या सगळ्यांचा येतो. पुढे काही वर्षांनी आत्याही तशीच गेली, उभ्या उभ्या. ती तर बिनफोडणीचं खाणारी. तिला कोणी पाजलं होतं, हे विचारायला मात्र कुणी आलं नाही.

मायनं ते बोलणं खरं धरलं. लोखंडी पळी फळीवर गेली आणि तेल चहाच्या चमच्यानं मोजून पडू लागलं. माझं लग्न होऊन मी अकोल्याला निघाले, तेव्हा बाकीच्या बाया मुळूमुळू रडत होत्या. माय माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाली, "जवायाले तेल बेतानं घालजो वं." मला आधी हसू आलं आणि गाडीत बसल्यावर रडू आवरेना.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं फुलांचं दुकान आहे. दिवसभर बसून हार गुंफायचे. पण मायची शिकवण पक्की, त्यामुळे मी तेल मोजणारी आणि सकाळी मोर्णा नदीच्या पुलापर्यंत चालणारी बाई. भाऊ वलगावातच शेती करतो आणि मनसोक्त खातो. मी त्याला फोनवर झापायची, "अरे, तोंड आवर." तो म्हणायचा, "तू वावरात ये, एक दिवस निंदन कर, मंग मले शिकव."

यंदा नवऱ्यानं बळेच माझी रक्ततपासणी करवली. मी म्हणत होते, मला काय धाड भरली आहे! रिपोर्टात चरबी वाढलेली निघाली. डॉक्टरनं वडिलांचं विचारलं, मी सांगितलं, तर त्यांनी आणखी एक तपासणी लिहून दिली, लायपोप्रोटीन-ए, अकाली हृदयविकाराचा धोका सांगणारी. तो आकडा तर भलताच वर. त्यांनी मला रोजची एक गोळी सुरू केली आणि म्हणाले, भाऊबहीण असतील तर त्यांचंही करा.

भावानं अमरावतीला रक्त दिलं. त्याचे रिपोर्ट तिथल्या डॉक्टरांना दाखवायला मी मुद्दाम अकोल्याहून गेले. मनात म्हटलं, आता याची खोड मोडते. मायही आमच्यासोबत दवाखान्यात आली होती. झालं उलटंच. नेहमीच्या चरबीचे त्याचे सगळे आकडे माझ्यापेक्षा चांगले. "गुंफ अजून बसून हार," तो म्हणाला. पण तो एक आकडा, लायपोप्रोटीन-ए, दोघांचा जवळपास सारखाच आणि दोघांचाही जास्त.

डॉक्टर म्हणाले, "बाकीचे आकडे तुम्ही कुठे राहता, काय खाता, किती हलता त्यावर बरेच बदलतात. शेतात राबण्याचा यांना फायदा झाला. हा एक मात्र जन्मापासून रक्तात असतो, आईकडून नाहीतर वडिलांकडून येतो. खाण्यानं तो फारसा वाढत नाही आणि कमीही होत नाही."

बाकावर बसलेल्या मायनं मान वर केली. "म्हंजे तेलानं नाही?"

"हा तरी नाही, आजी."

ती उठून टेबलाशी आली आणि पदर सारून हात पुढे केला. "मंग माह्यं बी रगत घ्या."

भावानं माझ्याकडे पाहिलं. तिचा आकडा जास्त निघाला तर? मग ती म्हणणार, नवऱ्याला हातानं मारलं आणि पोरांना रक्तानं. मी म्हटलं, "राहू दे न माय, आता या वयात कायले?" ती म्हणाली, "अडतीस वर्सं राहू देलं. आता नाही."

रिपोर्टाला दोन दिवस होते. दुकान नवऱ्यावर सोडून मी वलगावलाच थांबले. माय गहू निवडत बसायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. तिसऱ्या दिवशी भावाच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. आम्ही तो अंगणात उभं राहून दोनदा वाचला, मग डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आईचा आकडा अगदी कमी आहे, म्हणजे वडिलांकडूनच आलेलं. गेलेल्या माणसाचं रक्त तपासता येत नाही, तेलही काही देवमाणूस नाही, पण हे त्यांच्यात जन्मापासून होतं असंच म्हणावं लागेल.

मी घरात धावले. "माय! तुह्या हातानं नाही गेले बाबा!" मी ओरडत होते आणि रडत होते. मायनं गहू बाजूला सारला, भावाला स्टुलावर चढवून फळीवरची पळी काढायला लावली, ती राखेनं घासली, आणि मला विचारलं, "भरडा हाये काय डब्यात?"

दुपारी गोळाभात झाला. ठसका उठला, पण भिंतीपलीकडे आता शिव्या घालणारं कुणी नव्हतं. मायनं भावाच्या ताटावर पळी झुकवली आणि थेंबभर पडताच त्यानं हात आडवा धरला. "बस माय. डॉक्टरनं सांगतलं न, आमाले दोघायलेबी जपून राहाचं हाये."

ती पळी धरून तशीच थांबली, आणि मग तोंड उघडून रडली. तेरवीच्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

"त्या दिवशी तुमच्या बाबानं दुसऱ्या डाव ताट पुढं केलं होतं," ती म्हणाली. "मी म्हनलं, पुरे झालं आता, किती खासान! पळीत होतं वं तेल, बाई. तेलानं नव्हते जानार, तं वाढलं असतं न मी."

भाऊ ताटाकडे पाहत राहिला. माझी गोळी सकाळीच घेऊन झाली होती. मी अंगठ्यानं भाताला आळं केलं, जरा खोल केलं, आणि ताट पुढे सरकवलं.

"माय, सोड पाट."

ती वाढत गेली, आणि मी पुरे म्हटलं नाही.