कोळंबी तपासणाऱ्या बाई

परुळेकरबाई गेल्या, हे मला त्यांच्या थोरल्या बहिणीने, कुसुमताईंनी, फोनवर सांगितलं. सकाळचे दहा वाजले असतील. "सुनंदा गेली गो. पाणी मागितलं, दोन घोट घेतलं आणि गेली." मी विचारलं, त्रास झाला का? तर म्हणाल्या, "नाय. तिने कोणाक त्रास दिल्यान नाय, स्वतःक तरी कशाक देतली?" त्याला आता पाच आठवडे झाले. मुलुंडला त्यांच्या घरी जाऊन आले, पण लिहायला हात धजत नव्हता. बाईंबद्दल लिहायचं म्हणजे मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी चाळीस वर्षांत फार कुणाला सांगितलेली नाही...

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी वेसाव्याची कोळ्याची मुलगी, आमच्या आळीतली पहिली बीएस्सी. अंधेरी पूर्वेला कोळंबी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना होता, तिथे मला लॅबमध्ये नोकरी लागली होती. लॅब म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि शीतगृहाचं तापमान लिहायची एक वही. त्याच कारखान्याच्या शेडमध्ये माझी आय आणि मावशी कोळंबी सोलायला बसायच्या. मी पांढरा कोट घालून शेडमधून गेले की आय मान खाली घालायची; लाजून नव्हे, हसू दाबायला.

बाई तिथे तपासणीला यायच्या. केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाच्या हाताखाली निर्यातीचा माल तपासणारी जी यंत्रणा असते, तिच्या त्या अधिकारी. पस्तिशीच्या, सावळ्या, काटक; साडीवर पुरुषी गमबूट. त्या काळी या कामात बाई दिसायची नाही. पहिल्या दिवशी मॅनेजरने त्यांना कुणाच्या तरी सेक्रेटरी समजून खुर्ची दिली आणि साहेब कधी येणार म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "आलेत." आणि सरळ शीतगृहात शिरल्या. कोळंबीच्या गोठलेल्या लादीला भोक पाडून त्यात थर्मामीटर घालायचा, दुसरी लादी वितळवून एकेक कोळंबी मोजायची, हुंगायची, नमुने बाटलीत भरायचे. सगळं स्वतःच्या हाताने, आणि त्याआधी ते हात औषधी साबणाने पार कोपरापर्यंत धुऊन, तोंडाने वीसपर्यंत मोजत. त्यांच्या सहीशिवाय खोकं बंदरातून हलायचं नाही. कारखान्याचा चहासुद्धा त्या घ्यायच्या नाहीत. पिशवीत थर्मास असायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत शेडमधल्या बायकांनी त्यांना घेरलं. मावशीने विचारलं, तुमचं ते दिल्लीचं मंत्रालय आमची कोलंबी विकतं का? बाई उलट्या टोपलीवर बसल्या आणि शांतपणे समजावत गेल्या. मंत्रालय स्वतः काही विकत नाही, विकत घेत नाही. देशातून काय बाहेर जावं, बाहेरून काय आत यावं, कुठल्या देशाशी कसली बोलणी करावी, हे तिथे ठरतं. वर मंत्री, मग सचिव, सहसचिव. चहाला वेगळं मंडळ, कॉफीला वेगळं, वेलचीला, समुद्राच्या मालाला वेगळं. आयात-निर्यातीचे परवाने देणारी कचेरी निराळी. आणि माल खरंच चांगला आहे का हे बघणारे आम्ही निराळे. "या सगळ्यात मी अगदी खाली," बाई म्हणाल्या, "माझ्या खाली फक्त कोळंबी."

"मंग कोलंबीचे खाली आमी," आय म्हणाली. सगळ्या हसल्या.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. तुम्ही पहिल्या. तुमचा हात लागेपर्यंत वरच्या कुणाला काहीच काम नसतं."

आय त्या दिवशी घरी आल्यावर शेजारच्या चार घरांत हे सांगून आली.

मग तो उन्हाळा आला. एका दुपारी वीज गेली, जनरेटर सुरूच होईना. चार-पाच तास शीतगृहाचा पारा वर चढत राहिला. मी आकडे लिहायला गेले तर मॅनेजर म्हणाला, दर तासाला नेहमीचंच उणे अठरा लिहून टाक, परवा तपासणी आहे, माल अडकला तर सगळ्यांची वाट लागेल, तुझ्या आईचीसुद्धा. मी लिहिलं. मला कुणी मारलं नाही की डांबून ठेवलं नाही. पेन माझं होतं, अक्षर माझं होतं.

तपासणीच्या दिवशी बाईंनी खोकं उघडलं. लादीची कड ओघळून पुन्हा गोठलेली होती, मेणबत्तीसारखी. मग त्यांनी वही मागवली. त्या दुपारच्या एकसारख्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "यंत्र इतकं शहाणं नसतं, हेमा." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माल नाकारल्याचा कागद त्यांनी तिथेच लिहिला आणि सही केली.

मालक स्वस्थ बसणारा नव्हता. बाई आकसाने वागतात, वही नीट असताना माल अडवतात, अशी तक्रार त्याने थेट दिल्लीला केली. मंत्रालयातून ती एकेका टेबलावरून उतरत मुंबईच्या कार्यालयात आली आणि बाईंवर चौकशी बसली. साक्षीला मला बोलावणं आलं. मॅनेजरने मला काय सांगायचं ते पढवलं: वही खरी आहे, बाईंनी ती बघितलीच नाही. नाहीतर आय आणि मावशी उद्यापासून शेडमध्ये नकोत.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी दोन बस बदलून मुलुंडला त्यांच्या घरी गेले. काय सांगायला गेले होते ते मलाही माहीत नव्हतं. माफी मागायला, की त्यांनीच काही मार्ग सुचवावा म्हणून... चाळीतल्या दोन खोल्या. गिरणीतलं काम सुटल्यापासून घरी बसलेले वडील खिडकीशी पेपर वाचत होते, कुसुमताई आंबोळ्या घालत होत्या. घर बाईंच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, हे मला त्या खोलीत उभं राहिल्यावर कळलं. मी बोलायला तोंड उघडलं तशी बाईंनी ताट माझ्यापुढे सरकवलं. उद्याचं इथे काही बोलायचं नाही, म्हणाल्या, आधी खा. मी रडत रडत तीन आंबोळ्या खाल्ल्या. वडिलांनी पेपर आणखी वर धरला.

निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या. "हेमा, तू काय लिहिलंस ते तू सांग. मी काय पाहिलं ते मी सांगीन. दोघींनी एकमेकींसाठी काही बोलायचं नाही." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला औषधी साबणाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यासमोर मी खरं ते सांगितलं. कुणी लिहायला सांगितलं, आणि लिहिलं मीच, दोन्ही. गृहस्थ वयस्कर होते, त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला, मला पाणी दिलं. बाईंवरचा ठपका गेला. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली, आणि आय-मावशीचीही.

आय माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. जुनी पाटी काढून ती अंधेरीच्या बाजारात मासळी विकायला बसू लागली. मला वाटलं, ती मला कधीच माफ करणार नाही. मग एका रविवारी बाई आमच्या दारात. वेसाव्यात पत्ता विचारत विचारत आल्या होत्या. आय उठली नाही, या म्हणाली नाही. बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. तुमच्या मुलीने माझी नोकरी वाचवली आणि तुमची घालवली, हे सांगायला आलेय, म्हणाल्या. तेव्हा कुठे आय उठली, तवा ठेवला, कोळंबी तळली आणि विचारलं, आमच्याकडचा चहासुद्धा चालत नसेल ना तुम्हाला?

"इथे मी तपासायला नाही आले," बाई म्हणाल्या, आणि दोनदा मागून घेऊन जेवल्या. संध्याकाळी आयने त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडलं. परत आल्यावर मला म्हणाली, जेवून घे. आठ दिवसांतलं तिचं ते पहिलं वाक्य.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. बाईंच्या खात्यात जागा निघाली तेव्हा मी त्यांना शब्द टाकायला सांगितलं. त्यांनी सरळ नाही म्हटलं. मी वर्षभर मुलुंडला गेले नाही. माझ्यामुळे तुम्ही वाचलात, असं मनात कितीदा तरी म्हटलं असेन. मग घाटकोपरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं, आणि पहिल्याच दिवशी निकाल लिहायच्या वहीपुढे बसले तेव्हा कळलं की मला कुणाची तरी फार आठवण येतेय. कॉलेज सुटल्यावर तशीच मुलुंडला गेले. बाईंनी दार उघडलं आणि जणू मी कालच येऊन गेले होते अशा आवाजात विचारलं, दुधाचा घेणार की कोरा?

त्यानंतर चाळीस वर्षं आमचा तो चहा चालला. आय गेली तेव्हा खांद्याला खांदा लावून बसायला त्याच होत्या.

परवा कुसुमताईंकडे गेले होते. पंच्याऐंशी वर्षांच्या, वाकलेल्या. आयुष्यात कधी कुठल्या कारखान्याची पायरी चढल्या नाहीत. मला बघून डोळे भरून आले त्यांचे, आणि खाऊन जा म्हणाल्या. पण परातीकडे वळण्याआधी त्या बेसिनपाशी गेल्या. पदर खोचला, बांगड्या वर सरकवल्या, आणि साबण लावून बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, पार कोपरापर्यंत हात धुतले. सावकाश. तोंडाने हलकेच वीसपर्यंत मोजत. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "शिकवूक कित्या होया? आमच्याकडे हात असेच धुतत."

मग त्या बाजूला झाल्या. मी पुढे होऊन माझ्या बांगड्या वर सरकवल्या.