लॅपटॉपले जुपलेला गोऱ्हा

आता काय सांगू तुमाले, दोन बोटाएवढ्या पट्टीनं मी काय करून ठेवलो ते. लावा अंदाज, शेवट काय झाला असंल. लॅपटॉप जळला? नाई. मले शॉक लागला? तुमची इच्छा असंल, पन नाई. चहा प्या, नाई जमत तुमाले.

माही नातीन सुगंधा ब्रह्मपुरीले कॉलेजात शिकते. तिले रोवन्याचे गाने लिहून द्याचे होते, धान लावताना बाया म्हनते ते. ते पुरे येनारी गावात एकच उरली, माही मोठी बहीन, अनुसया बाई. मोबाइलात आवाज भरू देत नाई, लाजते. मंग बाई बांधीत, धानाच्या वावरात, वाकून म्हने, अन पोट्टी कडंच्या धुऱ्यावर बसून लॅपटॉपात टाइप करे. तीस गाने झाले. पन लॅपटॉप असा चाले, जसा चिखलात बसलेला रेडा.

"आबाजी," पोट्टी म्हने, "मेमरीची एक पट्टी अजून बसवा लागते. जाता का दुकानात?"

गेलो, जीपमंदी लॅपटॉप मांडीवर घेऊन. दुकानवाल्यानं मांगच्या बाजूनं खोलला. आत एक पट्टी होती, बाजूची जागा खाली.

"भाऊ, हिच्याच जोडीची पायजे. उद्या नागपूरहून येते. थांबा."

"अन त्या डब्यात पडल्या हायेत त्या?"

"दुसऱ्या जातीच्या हायेत. बसंल, पन दोघीचं जमनार नाई."

आता मी जलमभर बैल जुपलेला मानूस. नवा गोऱ्हा शिकवाचा असंल तं आमी जुन्या बैलासंगच जुपतो. जुना दाबून धरते, नवा चार दिवसांत वळनावर येते. हा खुर्चीवर बसून मले जोडी शिकवून राह्यला!

"दे डब्यातली," म्हनलो.

"मी नाई लावून देत. तुमच्या मनानं लावा."

लावली. घरी, माह्या बुढीच्या शिलाई मशीनच्या पेचकसानं. वर काय आकडे होते देव जाने, आपल्याले सहीपुरते अक्षर येते. खाच जुळली, टक् वाजलं, अन काय पळाला लॅपटॉप!

"दुकानवाल्यानं लावली ना, आबाजी?"

"मंग काय."

संध्याकाळी पोट्टी गाने ओळीनं लावाले बसली. मधातच पडदा निळा झाला अन वर वाकडं तोंड आलं.

"गोऱ्हा बिचकला असंल," म्हनलो. "पुन्हा हाक."

पुन्हा हाकला. पुन्हा बिचकला. तिसऱ्या खेपेले नेमकी ती सेव्ह करून राह्यली होती. नंतर फाइल उघडली तं आत नुसते चौकोन. तीस गान्यांचे चौकोन. पेनड्राइव्हवर उतरवाचं उद्यावर ठेवलं होतं.

पोट्टी रडली नाई. पट्टी काढून हातात धरली. "आबाजी, त्यानं तुमाले थांबा म्हनलं होतं का?"

"हो," म्हनलो. दिवसभरात तेवढंच खरं बोललो.

बाईकडं गेलो. तिचे गुडघे तवरी सुजले होते, चिखलात उतरनं बंद. "बसल्या बसल्या मले नाई आठवत बापू," म्हने. "रोवनारे हात दिसले पायजे. तुही एक बांधी रोवाची राह्यली ना? तू वाक."

रोवना बायाचं काम. मी वाकलो. बाजूच्या बांधीतून आवाज आला, "भाऊ, लुगडं आनून देऊ का?" आनखी काय काय म्हनलं, ते इथी सांगत नाई.

तीन दिवस मी वाकून रोवत होतो, बाई धुऱ्यावर बसून म्हनत होती, पोट्टी लिहत होती. एकोनतीस गाने आले. तिसावं आलं नाई.

"कोनतं व्हय ते, बाई?"

"मायनं केलतं. तू पोटात होता तवा, रोवता रोवता." बाईनं गुडघा चोळला. "नाई येत आता."

"मले एक ओळ येते," म्हनलो. पन ती ओळई खरी नोती. लहानपनी बाईले चिडवासाठी मीच बदलली होती, अन जलमभर तशीच म्हनत आलो. मायनं तिथी काय म्हनलं होतं, ते मलेई ठाव नाई.

"लिही वो सुगंधा," बाई म्हने. "तेवढं तरी असू दे."

तं आता कॉलेजात माह्या मायच्या नावावर एकच ओळ हाये: 'अनुसयेच्या नाकाले शेंबूड.'