नाजनीनच्या पुढचा

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या वनस्पतीशास्त्र विभागात जुन्या वर्तमानपत्रांत पानं-फुलं दाबून ठेवलेली असतात. कुणी कधी ठेवली ते आठवत नाही, आणि एक दिवस कपाट उघडावं तर गठ्ठाच अंगावर येतो. किस्स्यांचंही तसंच होतं. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. नाव गायकवाड, पण प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे मला मामाच म्हणतात. अकराच्या चहाला कुणीतरी म्हणतंच, "मामा, ते नाजनीनचं सांगा." मी आधी नको नको म्हणतो. ती नुसती रीत असते.

तर नाजनीन ही आमचीच विद्यार्थिनी. बस स्टँडजवळ फळांचा गाडा लावणाऱ्या युनूसभाईंची थोरली मुलगी. एमएस्सी झाली आणि आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. डोक्यात एकच खूळ, सीताफळावर पीएचडी करायची, आणि तीही परदेशात, स्कॉलरशिप मिळवून. पिकलेलं सीताफळ दोन दिवसांत का नासतं, हे तिला शोधायचं होतं. लहानपणापासून बापाचा निम्मा माल उकिरड्यावर जाताना पाहिलेला, त्यामुळं हा प्रश्न तिला काही पुस्तकात सापडलेला नव्हता.

दोन वर्षं अर्ज केले, दोन्ही वर्षी नकार आला. जर्मनीतल्या ज्या विद्यापीठावर तिचा जीव जडला होता, त्यांचा नियम असा, की एमएस्सी होऊन पाच वर्षांच्या आत असाल तरच अर्ज करायचा. तिचं हे पाचवं वर्ष होतं. आता नाही तर तिथं कधीच नाही. जोडीला म्हणून तिनं ऑस्ट्रेलियालाही एक अर्ज टाकून दिला होता, पण ती स्कॉलरशिप इतकी मोठी, की तिची आशा तिनंच धरली नव्हती.

*

अर्जाला शिफारसपत्र लागतं, असं नाजनीननं घरी सांगितलं. युनूसभाई उठले, ईदचा पांढरा शर्ट घातला आणि थेट आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेले. शिफारस म्हटल्यावर आपल्याकडचा माणूस दुसरीकडं जाईल कशाला?

दोन तास बसले, पण पत्र घेऊनच उठले. झकास लेटरहेड, आणि त्यावर मराठीत टाइप केलेलं: "सदर कुमारी माझ्या चांगल्या परिचयाची असून गरीब व होतकरू आहे. तरी तिला आपल्या विद्यापीठात तात्काळ सामावून घ्यावे." खाली सही, शिक्का आणि 'प्रत माहितीस्तव: जिल्हाधिकारी, बीड.' जर्मनीनं ऐकलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांनी काय करायचं, ते मात्र लिहिलेलं नव्हतं. काम नाही झालं तर परत या, वरून फोन लावू, असंही तिथल्या पीएनं सांगितलं होतं.

विभागात आम्ही पोट धरून हसलो. नाजनीन हसली नाही. तिनं ते पत्र प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलं आणि मूळ कागदपत्रांच्या फायलीत सगळ्यात वर ठेवलं. म्हणाली, "अब्बू दोन तास बसलेत त्याच्यासाठी."

*

खरं शिफारसपत्र लिहिणार होते आमचे विभागप्रमुख जोगदंड सर. सरांचा स्वभाव म्हणजे सरळ रेघ. तीस वर्षांत त्यांनी कुणाला 'छान' म्हटल्याचं मला आठवत नाही. फार खूश झाले तर म्हणतात, "चालेल."

त्या ऑनलाइन फॉर्मात एक प्रश्न होता. तुम्ही आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत ही कितवी? पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, की दहा? सगळे डोळे मिटून पहिल्या खान्यात टिक करतात. सरांनी चष्मा काढला आणि मला म्हणाले, "गायकवाड, जुनी रजिस्टरं काढा."

माळ्यावरून तीस वर्षांची रजिस्टरं उतरवली. दोन दिवस सर एकेका वर्षाची नावं वाचत, त्यातली चमकलेली पोरं आठवून कागदावर लिहीत बसले होते, आणि मी धुळीनं शिंकत बसलो होतो. मी म्हटलं, सर, सगळेच एक टक्का लिहितात हो. तर म्हणाले, "म्हणूनच तिकडं कुणाचा विश्वास बसत नसेल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्क्रीन माझ्याकडून वळवून घेतली आणि टिक केली. कुठं केली ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

पुढचा खाना आणखी अवघड होता. उमेदवाराचा एक दोष लिहा. सरांनी पुन्हा चष्मा काढला. "गायकवाड, हिच्यात वाईट काय आहे हो?"

मी पुष्कळ विचार केला. मग म्हटलं, लॅब वेळेवर सोडत नाही, तिच्यापायी मला रोज घरी जायला उशीर होतो. सरांनी ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. माझी तक्रार थेट जर्मनीला गेली. इथल्या ऑफिसात ती तीन वर्षं पडून होती.

*

नाजनीनच्या आईला, रेहानाभाभींना, या सगळ्या प्रकरणाचा पहिल्यापासून संशय. शिकवणार तेच, राहायला जागा देणार तेच, वर दर महिन्याला पैसे देणार तेच, मग त्यांचा फायदा काय? एकदा मला डबा द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मामा, इतकं फुकट कावून देतेत ते? आमच्या गाड्यावर कुणी फुकट वाटायला लागलं ना, तर माल सडका आसतो."



*

इंटरव्ह्यू होता व्हिडिओवर, दुपारी साडेतीनला. घरी नेट धड नाही म्हणून तो आमच्या लॅबमध्येच ठेवला. तळमजल्यावरची खोली, मागं खिडकी आणि खिडकीपलीकडं रस्ता. फळा पुसला, पंखा बंद केला, कॉरिडॉरमध्ये मी स्वतः पहाऱ्याला बसलो. पलीकडून तीन जण बोलायला लागले आणि नाजनीनचा आवाज असा बसला, की मला दारातूनही ऐकू येईना.

तेवढ्यात लांबून बँड ऐकू आला. वरात! मी चपला न घालताच पळालो. कोपऱ्यावर गाठलं तर घोड्यावर आमचाच जुना विद्यार्थी, बालाजी. याला मी प्रॅक्टिकलला दोनदा बीकर फोडल्याबद्दल झापलेलं. आता हा कशाला ऐकतोय, असं वाटलं. तरी हात जोडले आणि सांगितलं, नाजनीनचा जर्मनीचा इंटरव्ह्यू चालू आहे, ही शेवटची संधी आहे तिची.

बालाजीनं हात वर केला. बँड थांबला. करवल्या, म्हातारी माणसं, लहान पोरं, सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. घोड्याच्या टापा सिमेंटच्या रस्त्यावर वाजतात हे त्याच्या लक्षात आलं, तसा तो खाली उतरला आणि घोडा पाठीमागंच थांबवला. मग मुंडावळ्या धरून नवरदेव पुढं आणि माना खाली घातलेली दोनशे माणसं मागं, अशी ती वरात खिडकीसमोरून पाय न वाजवता गेली. बँडवाल्यांनी तुताऱ्या काखेत धरल्या होत्या.

हे सगळं नाजनीनच्या पाठीमागं, पण तिकडच्या तिघांना समोर दिसत होतं. त्यातल्या बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, गावात कुणी वारलं का? नाजनीननं वळून पाहिलं आणि सांगितलं, नाही, लग्न आहे. त्यावर दुसऱ्यानं काळजीनं विचारलं, मुलाच्या मनाविरुद्ध होतंय का?

नाजनीनला जे हसू फुटलं ते आवरेना. पलीकडचे तिघंही हसायला लागले. आणि हसता हसता तिची भीती कुठल्या कुठं गेली. पुढची चाळीस मिनिटं ती सीताफळावर अशी बोलली, की मी पहारा सोडून ऐकत उभा राहिलो. बालाजीच्या पहिल्या पोराच्या बारशाला मी न बोलावता जाणार आहे.

*

फेब्रुवारी संपता संपता जर्मनीचा मेल आला. जागा एकच, आणि नाजनीन वेटिंग लिस्टवर पहिली. निवडलेल्या उमेदवारानं नको म्हटलं तरच ती हिला मिळणार. नाजनीन माझ्या स्टुलावर बसली आणि सूक्ष्मदर्शकाच्या, आधीच स्वच्छ असलेल्या काचपट्ट्या पुसायला लागली. मी अडवलं नाही.

शुक्रवारी नमाज झाल्यावर युनूसभाई तसेच टोपी घालून विभागात आले. चहा दिला तर तो समोर निवून गेला.

"मामा, दुवाच मागता येईना."

मी विचारलं, का हो?

"पोरीला मिळू दे म्हणावं, तर पुढच्याचं जाऊ दे आसं व्हतंय. त्ये बी कुणाचं तरी लेकरूच हाय ना. त्याचा बाप बी आसाच कुठं हात पसरून बसला आसंल."

खोटं कशाला बोलू, मी आदल्या दिवशीच योगेश्वरीच्या देवळात जाऊन त्या पुढच्याला कावीळ मागून आलो होतो. फार नाही, साधीच, प्रवास टळेल इतपत. ते युनूसभाईंना सांगायची माझी छाती झाली नाही. त्यांच्यासमोर मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गाडा लावायच्या आधीच ते आले. रात्रभर झोपले नसावेत, पण चेहरा उजळलेला होता. म्हणाले, "सापडली दुवा. पुढच्याला ह्याच्यापेक्षा चांगली मिळू दे."

मी संध्याकाळी देवीला जाऊन कावीळ परत घेतली आणि हेच मागितलं. जोगदंड सर देवाधर्माच्या वाटेला कधी जात नाहीत. पण चतुर्थीला त्यांना लिंबागणेशच्या गणपतीला पाहिल्याचं मला एकानं सांगितलं. विचारलं, तर म्हणाले, सहज गेलतो. मग थोडं थांबून म्हणाले, "मीही युनूसभाईंचंच मागितलं." रेहानाभाभींनी तर त्या अनोळखी लेकरासाठी रोजे धरले.

त्याचं नाव, गाव, देश, मुलगा की मुलगी, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. आम्ही त्याला 'पुढचा' म्हणायला लागलो. रोज अकराच्या चहाला पहिला प्रश्न तोच, पुढच्याचं काय झालं? सर म्हणायचे, आपल्या नाजनीनच्या पुढं आहे म्हणजे हुशारच असणार, त्याला मिळेल. दोन महिने अंबाजोगाईत त्याच्यासाठी जेवढं मागणं झालं, तेवढं त्याच्या घरी तरी झालं असेल की नाही कोण जाणे.

*

एप्रिलच्या शेवटी मेल आला. निवडलेल्या उमेदवारानं दुसरीकडची फेलोशिप स्वीकारली आहे, सबब ही जागा आपल्याला देण्यात येत आहे. नाजनीन मेल उघडलेला मोबाइल हातात घेऊन बस स्टँडकडं धावत गेली. मागं मी, आणि माझ्या मागं जोगदंड सर. तीस वर्षांत सर धावताना मी पहिल्यांदा पाहिले.

युनूसभाई गिऱ्हाइकाला टरबूज कापून देत होते. पोरीनं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि आधी विचारलं, "त्याला ह्याच्यापेक्षा चांगली मिळाली ना?"

नाजनीननं मेल पुन्हा वाचला. तसं लिहिलेलं नव्हतं. पण जोगदंड सर, जे रजिस्टर पाहिल्याशिवाय टक्का लिहीत नाहीत, ते ठामपणे म्हणाले, "हो. चांगली मिळाली."

तेव्हा कुठं युनूसभाईंनी पोरीला जवळ घेतलं. मला तर रडू आवरलं नाही, आणि आवरायचं कारणही नव्हतं.

*

आणि आठच दिवसांनी ऑस्ट्रेलियाचं पत्र आलं. तीच ती मोठी, जिची आशाच कुणी धरली नव्हती. फी माफ, जास्तीची रक्कम, जायचा-यायचा खर्च, आणि शिवाय तिकडं सीताफळाच्या बागाच आहेत. जर्मनीत ते बर्फात शोधावं लागलं असतं. तीन दिवस विचार करून नाजनीननं सरांना विचारलं. सर म्हणाले, "ऑस्ट्रेलिया. चालेल." तिनं जर्मनीला नम्रपणे कळवलं, की मला दुसरीकडं याहून चांगली संधी मिळाली आहे, मी जागा सोडते.

हे सांगायला आम्ही दोघं गाड्यावर गेलो. आता आंब्याचे दिवस होते. युनूसभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग जर्मनीची जागा?"

"वेटिंगला माझ्या मागं जो असेल त्याला जाईल, अब्बू."

हातातला आंबा त्यांनी तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडं वळले.

"कोण हाय त्ये म्हाईत न्हाई मामा. पण त्याचा बाप लई भला माणूस आसंल."