पाहुण्यांसाठी थांबवलेली मिल

सिंदेवाहीच्या त्या राइस मिलच्या फाटकातून आमची गाडी आत गेली, तेव्हा आवारात बाभळीवरच्या चिमण्या ऐकू येत होत्या. मिल चालू असली की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. मिल बंद आहे हे तिथेच माझ्या लक्षात आलं. मी काही बोलले नाही.

माझं काम ऑडिटचं. धान्य सुरक्षितपणे हाताळण्याचे जे नियम मिलने लिहून ठेवलेत, ते रोजच्या कामात पाळले जातात का, हे पाहायचं. लेखी परीक्षा मी आधीच पास झाले होते. लेखी परीक्षेची मला कधीच भीती वाटली नाही. चंद्रपूरच्या माझ्या इंग्रजी शाळेत तोंड न उघडता पहिलं येता यायचं. पण प्रमुख ऑडिटरचं प्रमाणपत्र तेवढ्यावर मिळत नाही. एका ऑडिटला परीक्षक सोबत येतो आणि तुमच्यावर नजर ठेवतो. तो मदत करत नाही, मध्ये बोलत नाही. माझ्यासोबत आलेले सर तसे परीक्षक होते. मिलची तपासणी मी करणार होते आणि माझी ते.

मॅनेजर पन्नाशीचे, सफारी घातलेले. त्यांनी सरांना हार घातला, पंख्याखालची खुर्ची दिली आणि मला विचारलं, "मॅडम, तुम्ही साहेबांच्या पीए का?"

मी सांगितलं की तपासणी मी करणार आहे, सर फक्त बघायला आलेत. "बरं बरं," ते म्हणाले, आणि नंतरचं प्रत्येक उत्तर त्यांनी सरांकडे पाहूनच दिलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

मी कागद तपासले. मग आणखी कागद तपासले. कागद नीट होते. टेबलावर चहा, पोहे, पुन्हा चहा. प्रश्न माझ्या तोंडाशी येई आणि पोह्यांसोबत परत जाई. शेवटी जेवणाची ताटं मांडायला सुरुवात झाली, तेव्हा मी विचारलं, "मिल कधी सुरू होणार?"

"आज नाई होत, मॅडम," मॅनेजर आनंदानं म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून बंदच ठेवली. सगळी धुऊन काढली काल. लेबरले सुट्टी दिली. चालू असती तर कोंडा उडतो, तुमचे कपडे खराब होतीन."

यात लबाडी नव्हती. आमच्याकडे पाहुणा ओसरीवर बसलेला असताना कोणी धान पाखडत नाही. त्यांनी घरची रीत मिलला लावली होती.

पण थांबलेली यंत्रं पाहून ऑडिट होत नाही. तसं पाहून मी अहवाल लिहिला असता, तर मिलचं काम झालं असतं आणि कदाचित माझंही. आज काम अपुरं राहिलं असं लिहिलं, तर सरांचं येणंही फुकट जाणार होतं आणि माझं प्रमाणपत्र लांबणार होतं. ऑफिसात माझ्यासाठी ही तारीख मिळवायला बऱ्याच मिनतवाऱ्या झाल्या होत्या. मी सरांकडे पाहिलं. ते लिंबाची फोड पिळत होते.

"भाऊ," मी म्हटलं, "मिल चालू पाहिल्याशिवाय मला काहीच लिहिता येणार नाही. आज जमत नसेल तर मी तपासणी इथेच थांबवते."

मॅनेजर पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "मॅडम, जेवण तर करा."

"करते. तोपर्यंत माणसं येतील का?"

त्यांनी गाडी पाठवली. कामगार आले ते हसत आणि चिडत आले. पोती भरणाऱ्या बाया गावातल्या एका लग्नाला निघाल्या होत्या, तशाच हिरव्यागार बांगड्या घालून आल्या.

"कोण हो ते, ज्यानं आमची सुट्टी मोडली?" त्यातली एक दारातूनच म्हणाली. मॅनेजरनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही? एवढीशी? मले वाटलं मिशीवाला साहेब असन."

दुसरी म्हणाली, "लग्नातलं जेवण बुडालं, बाई. भरून द्याल का?"

मला हसू आलं, आणि त्यामुळेच असेल, पुढचा प्रश्न अडकला नाही. काच फुटून तांदळात जाऊ नये म्हणून पोती भरायच्या जागी बांगड्या चालत नाहीत, असा मिलचा नियम होता. 'बांगड्या काढता का?' असं विचारलं असतं तर 'हो' हेच उत्तर आलं असतं. पाहुण्याला नाही कोण म्हणणार? मी विचारलं, "कामाला लागताना या बांगड्यांचं काय करता?"

"काढत नाई," ती सरळ म्हणाली. "लग्न झालेल्या बाईनं हात रिकामे ठेवाचे काऊन? हे घालतो." तिनं पिशवीतून कापडी बाह्या काढल्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत चढवल्या. बांगड्या आत गच्च बसल्या. मॅनेजर कपाळावरचा घाम पुसू लागले. नियम एक सांगत होता, चालत दुसरंच होतं. दोन्ही मी लिहून घेतलं. यंत्रं सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत कोंड्यात उभी राहून मी बाकीचं पाहिलं.

निघण्याआधी सर मला व्हरांड्यात म्हणाले, "बांगड्यांचा प्रश्न चांगला होता. थांबवायची तयारी दाखवली, तेही चांगलं. मिल बंद आहे हे कधी कळलं?"

"फाटकातच."

"आणि विचारलं कधी?"

उत्तर त्यांना माहीत होतं.

"सुरुवातीच्या बैठकीतला पहिला प्रश्न तो हवा होता. तुमच्या लक्षात सगळं येतं. पण ते तुमच्याजवळच राहिलं तर समोरच्याला त्याचा उपयोग नाही. आणखी एक ऑडिट मी बघेन, मग ठरवू. पुढच्या महिन्यात गोंडपिपरीला आहे एक."

वाईट वाटलं. त्याहून वाईट हे वाटलं की ते चुकीचं बोलत नव्हते.

मॅनेजर मागेच उभे होते. "म्हंजे परीक्षा मॅडमची होती?" ते कळवळून म्हणाले. "आधी सांगाचं ना! साहेब, पास करून टाका पोरीले. मिल मी बंद ठेवली, तिची काय चूक?"

सर दिवसभरात पहिल्यांदा हसले, पण हो म्हणाले नाहीत.

"गोंडपिपरीची मिल म्हंजे माझ्या साळ्याची असन," मॅनेजर म्हणाले आणि खिशातून मोबाइल काढला. "थांबा, आत्ताच सांगून ठेवतो त्याले. मॅडम येतीन तेव्हा सगळं चालू पाहिजे म्हणतो."

"नको, भाऊ," मी म्हटलं. "फोन करू नका. तिथे मी विचारीन."